दिवेआगरजवळचं घर: पाडायचं काय आणि ठेवायचं काय

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी काही गफलत होत असेल तर लगेच लक्षात येईल. तुम्ही कोथरूडला राहता. दिवेआगरच्या अलीकडे आजोबांचं चिऱ्याचं कौलारू घर आहे, समुद्र साधारण तीनशे मीटरवर. १९९६ मध्ये वडिलांनी मागच्या अंगाला स्लॅबचं स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि वर एक खोली वाढवली. आता त्याच भागाचं छत सोलून पडतंय आणि सळया उघड्या दिसतायत. जुन्या घराच्या भिंतींना खालून लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर येणारं मीठ, लागलाय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, ही गळती आहे, सळया घासून रंगवू, गिलावा करू, वर वॉटरप्रूफिंग मारू, आणि कौलं दरवर्षी त्रास देतात तर तिथेही स्लॅब टाकून मोकळे होऊ. तुम्ही विचारताय की हे करावं, की सगळं पाडून नवं बांधावं. शिवाय समुद्राकडे काचेच्या खिडक्या आणि स्टीलचा कठडा करायचं तुमच्या मनात आहे.

यातलं कुठलंच करू नका, असं माझं मत आहे. तुमच्याकडे खरं म्हणजे दोन घरं आहेत. चिऱ्याचं जुनं घर बहुतेक धडधाकट आहे, त्याची किरकोळ दुखणी काढायची आहेत. आजारी आहे ते १९९६ चं आरसीसी, म्हणजे सळया घातलेलं काँक्रीट. कॉन्ट्रॅक्टरचा प्रस्ताव असा, की आजारी भागाला मलमपट्टी करायची आणि धडधाकट भागावर तोच आजार नव्याने चढवायचा. ‘बहुतेक’ म्हटलं, कारण मी घर पाहिलेलं नाही. जुन्या भिंतींना तिरक्या भेगा असतील, भिंत उभी ओळंबा सोडून बाहेर झुकली असेल, किंवा तुळईत वाळवी आत शिरली असेल, तर हिशोब बदलेल. पण तुम्ही पाठवलेल्या वर्णनात तसं काही नाही.

कॉन्ट्रॅक्टर ‘गळती’ म्हणतोय, म्हणून आधी तिथून सुरुवात करू. सिमेंट ताजं असतं तेव्हा काँक्रीट चांगलंच अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच बारा-तेराच्या आसपास. त्या वातावरणात सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि ती गंजत नाही. पुण्यात हा थर मोडतो तो मुख्यतः हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे, सावकाश, वर्षानुवर्षं. किनाऱ्यावर मीठ येतं, आणि मिठातल्या क्लोराइडला काँक्रीटचा पीएच चांगला असला तरी फरक पडत नाही. ते सळईपर्यंत पोचलं की थर जागोजागी फुटतो. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुगून सोललं जातं. पाणी यात लागतंच, पण ते मिठाला वाहून नेणारं. नुसतं वरून पाणी बंद केलं तरी आत शिरलेलं मीठ आतच राहतं, आणि कोकणच्या हवेत ओलाव्याला तोटा नसतो. वॉटरप्रूफिंग करूनही दोन-तीन पावसाळ्यांत छत पुन्हा सोलतं ते यामुळे.

आता तुमच्या बाबतीतला कळीचा प्रश्न: हे मीठ आलं कुठून? दोन शक्यता आहेत. एक, बाहेरून, खाऱ्या वाऱ्यातून, हळूहळू. दोन, बांधतानाच आत कालवलं गेलं. त्या काळात किनाऱ्यावरच्या कित्येक घरांत खाडीची वाळू न धुता वापरली गेली आणि पाणी जवळच्या विहिरीचं, जी उन्हाळ्यात मचूळ होते. कोणाचा वाईट हेतू नव्हता, जवळ मिळालं ते वापरलं. पण दोन्हींचं औषध पूर्ण वेगळं आहे, आणि नुसतं बघून कोणालाही, मलासुद्धा, खात्रीने सांगता येणार नाही.

त्यासाठी एक स्वस्त तपासणी आहे आणि ती केल्याशिवाय मी अशा स्लॅबवर एक रुपयाही खर्च करू देत नाही. ड्रिलने काँक्रीटची भुकटी काढायची, तीन वेगवेगळ्या खोलींवरून: पहिले २० मिलिमीटर, मग २० ते ४०, मग ४० ते ६०. प्रत्येक भुकटी वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी. समुद्राकडचा बीम, आतल्या खोलीचा बीम, स्लॅबचा मध्य, एखादा कॉलम, अशा पाच-सहा जागा निवडा. पुण्यातली कुठलीही एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळा क्लोराइडचं प्रमाण काढून देते. क्लोराइड पृष्ठभागावर जास्त आणि आत आत कमी होत गेलं असेल, तर ते बाहेरून आलंय. तिन्ही खोलींवर साधारण सारखंच असेल, आणि आतल्या कोरड्या खोलीतल्या बीममध्येही तेवढंच असेल, तर ते वाळूतून किंवा पाण्यातून आलंय. तुलनेसाठी एक आकडा लक्षात ठेवा: आपल्याकडचं मानक आयएस ४५६ नव्या आरसीसीत एका घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त क्लोराइड चालवून घेत नाही.

त्याच दिवशी काँक्रीटच्या ताज्या तुटलेल्या कडेवर फिनॉल्फ्थॅलीन हे रसायन शिंपडून घ्या. गुलाबी झालं तर तिथला अल्कधर्म शाबूत, रंग आला नाही तर गेला. हे पाच मिनिटांचं काम आहे.

मीठ आतच कालवलेलं निघालं, तर दुरुस्तीचा विचार सोडा. तो भाग काढून टाका. कारण सांगतो, कारण नेमका इथेच कॉन्ट्रॅक्टर आणि माझ्यासारखे लोक यांच्यात वाद होतो. गंजणारी सळई म्हणजे एक छोटा विद्युत-रासायनिक घट असतो. एक भाग गंजतो आणि तो गंजतो म्हणून त्याच सळईचा शेजारचा भाग वाचतो. तुम्ही गंजलेला भाग खरवडून, तिथे नवं, मीठ नसलेलं काँक्रीट भरलंत, की तो भाग सुरक्षित होतो आणि ‘बळी जाण्याचं’ काम शेजाऱ्यावर येतं. त्याच्याभोवती मीठ आहेच. म्हणून ठिगळाच्या बरोबर कडेला नवी भेग येते. मालक म्हणतो, काम खराब केलं. काम खराब नसतंही. ठिगळ उत्तम टिकलेलं असतं, आजूबाजूचं गेलेलं असतं.

मीठ बाहेरून आलेलं असेल आणि समुद्राकडच्या दोन-तीन बीमपुरतंच खोल गेलं असेल, तर दुरुस्तीला अर्थ आहे. पण ती दुरुस्ती ‘घासून, रंगवून, गिलावा’ अशी नसते. आधी खाली जॅक लावून भार उचलायचा. मग सळईच्या नुसतं पुढचं नाही, तर मागचंही २०-२५ मिलिमीटर काँक्रीट काढायचं, म्हणजे सळई चहूबाजूंनी मोकळी होते. गंज चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढायचा आणि गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायचं, कारण गंजाच्या खड्ड्यांत मीठ बसलेलं असतं आणि तारेचा ब्रश तिथे पोचत नाही. सळईच्या छेदाचं क्षेत्रफळ पाव भागाने घटलं असेल तर जोडीला नवी सळई. कडेला जस्ताचे ॲनोड बांधायचे, म्हणजे बळी जायचं काम शेजारच्या सळईऐवजी जस्त करतं. मग मायक्रो-काँक्रीट किंवा पॉलिमर मिसळलेला मसाला, आणि शेवटी बाहेरून लेप. हे महाग आहे. जवळजवळ सगळेच बीम असे करायचे असतील, तर एवढ्याच पैशांत तो भाग नव्याने उभा राहू शकतो, आणि मग माझं मत पाडण्याकडे झुकतं.

पण हातोडा चालवण्याआधी थांबा, कारण इथे बांधकामापेक्षा कागद जड आहेत. किनारा नियमनाची (सीआरझेड), म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवरच्या नियमांची, पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. तुमचा वाढीव भाग १९९६ चा, म्हणजे त्यानंतरचा. आज लागू असलेल्या २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण भागात भरतीरेषेपासून काही अंतर ना-विकास क्षेत्र असतं: दाट वस्तीच्या गावांत ५० मीटर, विरळ वस्तीच्या गावांत २०० मीटर. तिथे फक्त ‘अस्तित्वात असलेल्या अधिकृत’ बांधकामाची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, तीही मूळ जोतं आणि मूळ चटईक्षेत्र न वाढवता. तुम्ही तीनशे मीटरवर आहात म्हणजे बहुधा त्या पट्ट्याबाहेर, पण ५०० मीटरच्या आत असल्यामुळे नियमनाच्या कक्षेत आहातच. शिवाय भरतीरेषा म्हणजे आपल्याला वाळूवर दिसणारी ओली रेघ नाही, ती मंजूर नकाशावर आखलेली असते. खाडीचा फाटा घराजवळून जात असेल तर तिकडूनही अंतर मोजलं जातं. म्हणून वडिलांनी तेव्हा ग्रामपंचायतीची परवानगी घेतली होती का, घरपट्टीच्या असेसमेंट उताऱ्यावर तो भाग कधी चढला, हे आधी शोधा. कागद नसताना पाडलंत आणि पुन्हा बांधायला परवानगी मिळाली नाही, तर स्वयंपाकघर कायमचं जाईल. आणि उताऱ्यावर काका-आत्यांची नावं असतील तर त्यांच्या सह्याही आत्ताच घ्या. बांधकाम अर्धवट असताना भाऊबंदांशी बोलणं किती गोड होतं हे मी वेगळं सांगायला नको.

जुन्या घराकडे वळतो, आणि इथे जरा रेंगाळतो, कारण खरी संपत्ती ही आहे. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या भिंती साधारण दीड फूट जाड, मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या असतात. त्यात लोखंडी सळई नाही, म्हणजे मिठाला गंजवायला काही नाही. या भिंती ओलावा पितात आणि परत सोडतात. अडचण सुरू होते ती आपण त्यांना सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक पेंट लावतो तेव्हा. जमिनीतून चढलेला ओलावा बाहेर पडायची वाट बंद होते, पावसाळ्यात ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबावेत तसं होतं. ओलाव्याबरोबर आलेलं मीठ गिलाव्याच्या मागे स्फटिक होऊन बसतं आणि गिलाव्यालाच ढकलून पाडतं. तुमचा लोणा हाच असावा. भिंतींना खालचा सिमेंटचा गिलावा नंतर कधी केला होता का, हे आईला विचारा, तिला नक्की आठवत असेल.

उपाय तसा साधा आहे, फक्त धीराचा. लोणा जिथपर्यंत चढलाय त्याच्या हातभर वरपर्यंत सिमेंटचा गिलावा काढून टाका. भिंत एक अख्खा हिवाळा उघडी ठेवा. वर येणारं मीठ कोरड्या ब्रशने झाडून, गोळा करून बाहेर टाका, पाण्याने धुतलंत तर ते परत आत जाईल. मग चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी. पुण्यात जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीमुळे चुन्यात काम करणारे गवंडी अजून टिकून आहेत. चार दिवस त्यांना घाट उतरवून नेलंत आणि स्थानिक गवंड्याला शेजारी उभं केलंत, तर पुढच्या वेळी तुम्हाला पुण्यातून कोणी न्यावं लागणार नाही. बाहेर जोत्याला लागून पागोळ्यांचं पाणी साचतंय का तेही पाहा. अंगणात हौसेने काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक घातले असतील आणि त्यांचा उतार घराकडे असेल, तर निम्मा लोणा तिथून येतोय.

कौलांवर स्लॅबचा विषय मी एका परिच्छेदात मिटवतो. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जातं. कौलारू छप्पर वाशा-रिपांसकट शंभराच्या आत असतं. मातीत बांधलेल्या भिंतींच्या डोक्यावर एवढं वजन ठेवायचं, तेही अशा भागात जिथे ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा हादरा लोकांना अजून आठवतो, हे मला पटत नाही. वर आणखी ती स्लॅब गंजणार, ते वेगळंच.

पण कॉन्ट्रॅक्टरची कौलांबद्दलची तक्रार खोटी नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्याच पट्ट्यात किनाऱ्यावर आलं, ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा घेऊन. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या आणि कौलं पत्त्यासारखी उडाली. त्यानंतर बऱ्याच जणांनी घाबरून पत्रे घातले. वारा छपराला दाबत नाही, उचलतो, आणि सगळ्यात जास्त ओढ कडेला, कोपऱ्यात आणि आढ्याशी असते. म्हणून कौलं ठेवा, पण कडेच्या दोन-तीन ओळी आणि आढ्याजवळच्या ओळी तांब्याच्या किंवा स्टेनलेस तारेने रिपांना बांधा. वासे भिंतीवर नुसते टेकलेले असतात, ते पट्ट्यांनी भिंतीला जखडा. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं असेल तर उत्तम, वादळात गेलं तर तेवढंच जातं. आणि शाकारणी, म्हणजे कौलं नीट करून लावणं, दर वर्षी करावीच लागेल. पुण्यात राहून ते जमणार नसेल, तर गावातल्या माणसाला त्याचे पैसे ठरवून द्या. हा घराचा देखभाल-खर्च आहे, त्याला ‘त्रास’ म्हणून चालत नाही.

इथवरचं थोडक्यात: आधी कागद, मग भुकटीची तपासणी, त्यावरून १९९६ च्या भागाचा निर्णय, जुन्या घराला चुना आणि बांधलेली कौलं, स्लॅब नाही.

मागचा भाग नव्याने बांधायची वेळ आलीच, तर पहिला पर्याय म्हणून तोही चिऱ्याचा आणि कौलारू करता येतो का ते पाहा. आरसीसी फक्त जोत्याच्या आणि लिंटलच्या पट्ट्यांत ठेवा. वरची खोली हवीच असेल आणि स्लॅब टाळता येत नसेल, तर पुण्यातला नेहमीचा माल चालणार नाही. किनाऱ्यावरच्या बांधकामाला आयएस ४५६ किमान एम-३० काँक्रीट (एम म्हणजे ताकदीची प्रत) आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, सांगतं, खारे तुषार थेट येत असतील तर एम-३५ आणि ५०. तुमचा माणूस एक-दीड-तीनचा माल म्हणेल. तो एम-२० आहे. एम-३० डोळ्यांनी आणि घमेल्यांनी होत नाही, त्याचं मिक्स डिझाइन करून घ्यावं लागतं. पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ म्हणजे ५० किलोच्या एका गोणीला साडेबावीस लिटर पाणी, तेही वाळूतली ओल धरून. माल घट्ट वाटतो, बिगारी लगेच बादली उचलतो. त्या दिवशी मोजमापाचा डबा हातात घेऊन कोणीतरी घरचं माणूस मिक्सरपाशी उभं राहिलं पाहिजे. माल सैल हवा असेल तर पाणी न वाढवता तो सैल करणारं प्लॅस्टिसायझर घाला. सिमेंट पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं) किंवा स्लॅगचं (भट्टीच्या मळीचं) घ्या, त्यातून क्लोराइड सावकाश शिरतं. कव्हरसाठी फरशीचे तुकडे नकोत, सिमेंटचे तयार ब्लॉक घ्या. वाळू खाडीची नको, क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली. विहिरीचं पाणी मे महिन्यातलं तपासून घ्या. आरसीसीला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही. आणि ज्या पाण्याने कालवायचं तेच पाणी मारायला वापरा. कालवायला टँकर आणि मारायला मचूळ विहीर, हा प्रकार मी पाहिलाय.

समुद्राकडच्या काचेच्या खिडक्या आणि स्टीलचा कठडा, हे तुमचं शेवटचं. खिडक्यांना यूपीव्हीसी चालेल, पण आतली लोखंडी पट्टी जस्त चढवलेली आणि स्क्रू स्टेनलेस आहेत हे ऑर्डरवर लिहून घ्या. कठड्याला ‘एसएस (स्टेनलेस स्टील) आहे’ एवढं पुरेसं नाही. बाजारात २०२ प्रतीचं सर्रास मिळतं, किनाऱ्यावर त्यावर काही महिन्यांत तांबूस डाग येतात. ३०४ बरं, पण तुम्हाला ३१६ हवं, त्यात मॉलिब्डेनम असतं. दुकानदार चुंबक लावून दाखवेल. २०२ लाही चुंबक धरत नाही, त्यामुळे त्या प्रयोगाचा उपयोग शून्य. मॉलिब्डेनम तपासायचं द्रव मिळतं, एक थेंब टाकला की कळतं. खरं सांगायचं तर मी तिथे लाकडी कठडा घेतला असता. बिजागऱ्या आणि कड्या पितळेच्या, पुण्याच्या बोहरी आळीत अजून जाड पितळेच्या मिळतात, जरा वजन करून घ्या. विजेचा बोर्ड लोखंडी पेटीत नको, पॉलीकार्बोनेटच्या पेटीत, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवाच.

आता वेळेचं. आत्ता पावसाळा चालू आहे, कॉन्ट्रॅक्टरला कामाला लावू नका. पण एकदा भर पावसात तिथे जाऊन या. ताम्हिणीने जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा, धबधब्यांची गर्दी असते, आणि दरड पडल्याची बातमी पाहून निघा. सोबत खडू न्या. जिथून पाणी येतं, जिथपर्यंत ओल चढते, त्या रेषा भिंतीवर आणि छतावर आखा, तारीख टाका, फोटो काढा. ऑक्टोबरमध्ये हे काहीच दिसणार नाही. मागच्या खोलीच्या स्लॅबखाली तोवर कोणी झोपू नये, आणि वरच्या खोलीत पाण्याची टाकी असेल तर ती आजच रिकामी करा. दसऱ्यानंतर भुकटीचे नमुने घ्या. अहवाल आला की तो, घराचा हाताने काढलेला नकाशा आणि असेसमेंटचा उतारा पाठवा. कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन आपण त्यानंतर उघडू.